कंटाळवाणा? कोण म्हणतं?

‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ हा सिनेमा ७ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेत लागला आणि लागल्या लागल्या त्याच्यावर ‘कंटाळवाणा’ असा शिक्का बसला. पंचेचाळीस वर्षं उलटून गेली तरी शिक्का जागच्या जागी आहे. ‘मोशन पिक्चर’चं ‘मोशनलेस पिक्चर’ असं बारसंही तेव्हाच झालं. आपल्या भाषेत म्हणजे चलच्चित्राचं अचलचित्र. कोटी बरी आहे. पण कोटी म्हणजे परीक्षण नव्हे, हे मी चौतीस वर्षं निबंधाच्या वह्यांच्या समासात लाल शाईने लिहीत आले, तेच आज इथे लिहिते.

निमित्त घरचंच. आमच्या भाच्याने परवा फर्मान काढलं, “मावशी, त्यात काही घडतच नाही गं. वीस मिनिटांत झोप लागते.” त्याला तोंडी उत्तर दिलंच. पण त्याच्या बाजूने बोलणारे घरात तीन निघाले, आणि माझ्या बाजूने मी एकटी. म्हणून ही पोस्ट. बाकी मंडळींनीही वाचावी, म्हणजे बाजू जरा समसमान होईल.

ज्यांना ‘स्टार ट्रेक’ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं अमेरिकेत चाललेली ही दूरचित्रवाणी मालिका. कॅप्टन कर्क, लांब कानांचा मिस्टर स्पॉक, डॉक्टर मॅकॉय आणि त्यांचं ‘एंटरप्राइज’ नावाचं अंतराळयान. आपल्याकडे दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती लागायची तेव्हा आंघोळी मागे पडायच्या. मालिका बंद झाली, पण चाहते गप्प बसेनात. दहा वर्षांनी सिनेमा झाला. दिग्दर्शक कोण, तर रॉबर्ट वाइज. ‘सिटिझन केन’चा संकलक आणि ‘साउंड ऑफ म्यूझिक’चा दिग्दर्शक! म्हणजे कुणी नवशिका नव्हे.

कथा अशी. एक अतिप्रचंड ढग पृथ्वीच्या रोखाने येतोय, वाटेत येईल ते गिळतोय. कर्क आता बढती मिळून कचेरीत बसलेला ॲडमिरल आहे. तो डेकर नावाच्या तरुण कप्तानाला बाजूला सारून स्वतः यानाचा ताबा घेतो आणि ढगाला सामोरा जातो. ढगाच्या पोटात एक यंत्र आहे. ते स्वतःला ‘व्हीजर’ म्हणवतं, आणि ते आपल्या निर्मात्याला शोधत आलंय. अगदी शेवटी कर्क त्याच्या गाभ्यातल्या पाटीवरची काजळी हाताने पुसतो, तेव्हा मधली झाकलेली तीन इंग्रजी अक्षरं दिसतात आणि नाव पुरं होतं. व्हॉयेजर. माणसानेच शेकडो वर्षांपूर्वी सोडलेलं यान! जे जे जाणता येईल ते जाणून घे आणि परत ये, एवढी आज्ञा घेऊन निघालेलं. वाटेत यंत्रांच्या एका ग्रहाने त्याला घडवून-वाढवून घरी धाडलंय. सगळं विश्व त्याला पाठ आहे. आणि तरी ते विचारतंय की माझं असणं ते एवढंच का, याच्यापुढे काही नाही का?

यात काही घडत नाही म्हणता?

आता संथपणाचं बोलू. सगळ्यांचा राग आहे तो एका प्रसंगावर. अंतराळातल्या गोदीत ‘एंटरप्राइज’ दुरुस्तीला लागलेलं आहे. स्कॉटी हा यानाचा मुख्य इंजिनिअर कर्कला एका छोट्या होडीवजा वाहनातून यानाभोवती फिरवून आणतो. काही मिनिटं जवळजवळ संवादच नाही. जेरी गोल्डस्मिथचं संगीत, दिव्यांत उजळत जाणारं यान, आणि कर्कचा चेहरा. समीक्षक म्हणाले, वेळकाढूपणा. अहो, लग्न होऊन गेलेली लेक वर्षाने माहेरी आली की आई तिच्याकडे किती वेळ बघते ते कुणी घड्याळ लावून मोजतं का? ज्या माणसाचं आख्खं जगणं त्या यानात गेलं, त्याला ते पुन्हा दिसतंय आणि प्रेक्षकाला तर दहा वर्षांनी दिसतंय. ते झटक्यात दाखवून मोकळं व्हायचं होतं की काय? आपल्याकडे बडा ख्याल ऐकणारे लोक आहेत. विलंबित लयीत पहिली वीस मिनिटं ‘काहीच घडत नाही’ असं म्हणत कुणी मैफलीतून उठून जात नाही (गेलाच तर त्याला आपण काय म्हणतो ते सर्वांना माहीत आहे). संथ असणं आणि रिकामं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या सिनेमावर टीका करणाऱ्यांनी त्यांची सरसकट गल्लत केली.

सगळंच गोड मानून घ्या असं मी म्हणत नाही. ढगाच्या आतला प्रवास लांबलाय, हे मान्य. यानावरची सगळी माणसं डोळे विस्फारून पडद्याकडे बघतायत आणि आपण त्यांच्याकडे बघतोय, असं फार वेळ चालतं. सुलू, उहुरा, चेकॉव्ह ही मालिकेतली आवडती मंडळी नुसती खुर्च्यांवर बसवून ठेवली आहेत. आणि ते गणवेश! दवाखान्यातल्या वॉर्डबॉयचे कपडे बरे म्हणायची वेळ. पण ‘कर्क इथे आवडत नाही’ ही तक्रार मला मुळीच पटत नाही. कर्क इथे आवडावा असा नाहीच मुळी. तो हावरट झालाय, एका तरुणाची हक्काची जागा त्याने पृथ्वी वाचवण्याच्या नावाखाली हिसकावली आहे, आणि यानाची नवी रचना आपल्याला माहीत नाही हे तो कबूल करत नाही. खुर्ची सुटल्यावरही खुर्चीत बसलेली माणसं मी शिक्षणक्षेत्रात भरपूर पाहिली. नावं सांगत नाही. इतकं खरं चित्र साहसपटात क्वचित बघायला मिळतं.

शिवाय एक गोष्ट टीकाकार सोयीने विसरतात. १९७९ साली लोकांनी जो सिनेमा पाहिला तो पुरा झालेलाच नव्हता. चित्रगृहांना तारीख देऊन बसल्यामुळे ती हलवता येईना. स्पेशल इफेक्ट्सचं काम आधी ज्यांना दिलं होतं त्यांच्याकडून ते काढून घ्यावं लागलं आणि डग्लस ट्रंबल, जॉन डायक्स्ट्रा या जाणत्या मंडळींनी ते अक्षरशः शेवटच्या घटकेपर्यंत रेटलं. आधी निवडक प्रेक्षकांना दाखवून कात्री चालवायची, हा नेहमीचा रिवाजसुद्धा पाळता आला नाही. घंटा झाल्याबरोबर पर्यवेक्षकांनी हातातला पेपर ओढून घ्यावा, तसं झालं. वाइज यांना तो पेपर पुन्हा हातात मिळाला २००१ साली. तेव्हा त्यांनी डीव्हीडीसाठी ‘डायरेक्टर्स एडिशन’ तयार केली. ती पाहून कुणी नापास करत असेल तर करू दे. पण बहुतेक जण आजही १९७९ च्या गुणपत्रिकेवरूनच बोलतात.

दुसरा आरोप चोरीचा. मूळ मालिकेत १९६७ साली ‘द चेंजलिंग’ नावाचा भाग होता. त्यातही पृथ्वीवरून गेलेलं ‘नोमॅड’ नावाचं यंत्र बिघडून-बदलून परत येतं आणि निर्मात्याबद्दल बोलतं. मग हे जुनंच नव्हे का? नव्हे. नोमॅडचं शेवटी काय होतं ते आठवा. कर्क त्याला तर्काच्या पेचात अडकवतो, तूच चुकला आहेस हे सिद्ध करतो, आणि ते स्वतःला संपवतं. माणूस वकिली करून जिंकतो. व्हीजरला कुणी हरवत नाही. त्याला काय हवंय ते समजून घेतलं जातं आणि ते त्याला दिलं जातं, तेही डेकर स्वतःहून देतो, स्वतःलाच देऊन. एकाच बीजातून निघालेल्या या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत.

आणि हेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १९८२ चा ‘द रॅथ ऑफ खान’ हा दुसरा भाग चांगला, हे सगळे एकमुखाने सांगतात. आहेच चांगला. खलनायक आहे, सूड आहे, झुंज आहे, डोळ्यांत पाणी आणणारा मृत्यू आहे. पण ते सगळं आपण महाभारतापासून बघत आलोय. पहिल्या सिनेमात खलनायकच नाही. अख्ख्या सिनेमात ‘एंटरप्राइज’ एकदाच शस्त्र डागतं, आणि तेही कुणावर? वाटेत आलेल्या एका दगडावर! पृथ्वीवर आलेलं संकट शत्रूला न मारता टळतं. असे किती साहसपट सांगता येतील? भाच्याला विचारलं, तो अजून आठवतोय.

आता स्पॉकबद्दल. हा अर्धा मानव, अर्धा व्हल्कन. सिनेमाच्या सुरुवातीला तो आपल्या ग्रहावर भावनांचं समूळ उच्चाटन करण्याची साधना करतोय, आणि अगदी शेवटच्या पायरीवर त्याला ती सोडावी लागते, कारण दूर अंतराळात कुणाचं तरी मन त्याला जाणवलंय. तो व्हीजरच्या मनाशी मन जोडून बघतो तेव्हा कळतं, ज्या शुद्ध तर्काच्या अवस्थेसाठी आपण झिजलो ती या यंत्राला मिळालेली आहे, आणि ते पोकळ आहे. आजारी पडलेला स्पॉक कर्कचा हात हातात घेतो आणि म्हणतो की ही एवढी साधी भावना त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. पुढे तो व्हीजरसाठी रडतो. स्पॉक, रडतो! हा प्रसंग १९७९ च्या प्रतीत नव्हताच, नंतरच्या आवृत्त्यांत आला. सिनेमाचं काळीजच कापून ठेवून लोकांना दाखवला, आणि वर म्हणायचं की यात भावना नाहीत.

मला हा भाग का भिडतो ते सांगते. बोर्डात पहिल्या काहींत आलेला आमचा एक विद्यार्थी निकालानंतर पेढे घेऊन घरी आला होता. पेढे दिले, नमस्कार केला, आणि दारात थबकून म्हणाला, “बाई, आता काय करायचं असतं?” सगळी पुस्तकं पाठ असलेला मुलगा. मला उत्तर देता आलं नाही, मी त्याला चहा दिला. व्हीजरचा प्रश्न ऐकताना मला दर वेळी तो मुलगा दिसतो. आणि आता तर कुठलाही प्रश्न टाका, उत्तर देणारी यंत्रं नातवंडांच्या खिशात आहेत. अशा काळात हा सिनेमा जुना झाला म्हणणाऱ्यांनी तो पुन्हा बघावा.

पर्सिस खंबाटाबद्दल लिहिल्याशिवाय मी थांबणार नाही. मुंबईची पारशी मुलगी, १९६५ ची मिस इंडिया, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘बंबई रात की बाहों में’मधून सिनेमात आलेली. इलियाच्या भूमिकेसाठी तिने डोक्यावरचे सगळे केस उतरवले, आणि लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. इकडे काय आणि तिकडे काय, ‘ती टक्कल केलेली’ एवढीच तिची ओळख उरली. तिचं काम नीट बघा. अर्ध्या सिनेमात ती इलिया नसतेच. व्हीजरने इलियाला नाहीसं करून तिच्या रूपात पाठवलेलं यंत्र असते. चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही, आणि मध्येच एका क्षणी, जुनी डोक्याची पट्टी समोर येते तेव्हा, आतली मेलेली बाई डोळ्यांत किंचित हलल्यासारखी दिसायला हवी. हे तिने केलंय, फार अवघड काम केलंय. १९९८ साली पन्नाशीही न गाठता ती मुंबईतच गेली. तिच्या डोक्याऐवजी डोळ्यांकडे पाहणारे चार लोक तरी तेव्हा हवे होते.

सिनेमातलं यान व्हॉयेजर-६ हे काल्पनिक. खरी दोनच, दोन्ही १९७७ साली सुटलेली, आणि सिनेमा आला त्याच वर्षी दोघांनी गुरूची चित्रं पाठवली होती. खऱ्या व्हॉयेजरवर एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यावर पंचावन्न भाषांमधले नमस्कार आहेत आणि त्यांत आपली मराठी आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला, आणि केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. तो आवाज २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून पलीकडे गेला. यानाचा संदेश इथे पोहोचायला आता जवळजवळ एक दिवस लागतो. ही माहिती मनात ठेवून सिनेमातली ती काजळी पुसली जाते तो क्षण बघा, आणि मग मला सांगा की तुम्हाला झोप आली.

सिनेमा आपटला, असंही काही जण ठोकून देतात. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चाच्या या सिनेमाने एकट्या अमेरिकेत आठ कोटींच्या वर धंदा केला. तीन ऑस्कर नामांकनं मिळाली, मिळालं एकही नाही. गोल्डस्मिथची धून १९८७ च्या नव्या मालिकेने जशीच्या तशी उचलली आणि दुसऱ्या भागाने या ‘भिकार’ सिनेमातली दृश्यं पैसे वाचवायला वापरली. असो.

बघायचाच तर ‘डायरेक्टर्स एडिशन’ शोधा. २०२२ साली ती नव्याने साफसूफ करून आली आहे. मोबाइलवर नको, घरातल्या सर्वांत मोठ्या पडद्यावर. सुरुवातीला नुसतं संगीत वाजतं, ते पुढे ढकलू नका. आणि भाचेबुवा, तुझ्यासाठी रविवारी दुपारी साडेतीनची वेळ ठेवली आहे. जेवण बेताचं करून ये.