लालबागेतील शिवणकाम

सुटीच्या दिवशी मुलांना निसर्ग दाखवावयाचा म्हणून बंगळुरूतील अनेक कुटुंबे लालबागेत जातात. हैदर अलीने १७६० मध्ये आरंभ केलेल्या या उद्यानाचा विस्तार आज सुमारे २४० एकर आहे. काचघर, तलाव व खडकाची टेकडी तासाभरात उरकून मंडळी न्याहारीला वळतात. मुलांच्या ध्यानात काय राहिले, हे न विचारलेलेच बरे! अशा सहलीला एकच विषय नेमून द्यावा, आणि तो शिवणकामाचा असावा.

त्यासाठी शिंपी पक्ष्यासारखा गुरू नाही. (कन्नडमध्येही कपडे शिवणाऱ्यास ‘सिंपिग’ म्हणतात.) चिमणीहून लहान, हिरवट पाठीचा, डोक्यावर तांबूस टोपी असलेला हा पक्षी झुडपांतून सतत बोलत असतो. मादी पानाच्या कडांना चोचीने बारीक छिद्रे पाडते, कापसाचे किंवा कोळिष्टकाचे धागे त्यांतून ओवते आणि पानाचा द्रोण करते. गाठ मारण्याची तिला गरज नसते. छिद्राबाहेर आलेला तंतू पिंजून फुगतो व टाका तेवढ्याने धरून राहतो. आंब्यावरील तांबड्या मुंग्यांची रीत निराळी आहे. काही जणी पानांच्या कडा ओढून धरतात, तर काही आपल्याच अळ्या जबड्यात धरून धोट्याप्रमाणे फिरवतात. रेशीम अळीचे, कष्ट मुंगीचे.

हे सांगून झाल्यावर मुलांच्या हाती सुई-दोरा आणि गळून पडलेले पान द्यावे. वाळके पान पहिल्याच टाक्याला तडकते. पक्षी फांदीवरचे हिरवे पानच का निवडतो, हे मग समजावून सांगावे लागत नाही.

प्रत्यक्ष घरटे दाखवल्यावाचून सहल कसली, असे काही पालक म्हणतील. नेमका तोच मोह टाळावयास हवा. घरटे बहुधा जमिनीपासून फार उंच नसते, मुलांचा हात सहज पोहोचतो. छायाचित्रासाठी पान बाजूला सारले की टाके उसवतात, आणि हिरव्या पानांत दडलेले घर कावळ्यास दिसू लागते. आवाज ऐकावा, दुरून पाहावे, एवढे पुरे.

लालबागेत झुडपे उदंड आहेत. खरी चिंता गृहसंकुलांच्या कुंपणांची आहे. पावसाळ्यात कुंपण फोफावते, म्हणून तेव्हाच त्याला कात्री लागते. शिंप्याच्या विणीचाही भर त्याच दिवसांत असतो. छाटलेल्या फांद्यांबरोबर घरटे कचऱ्यात गेले, तरी कोणास पत्ता लागत नाही. लालबागेतून शिकून आलेल्या मुलांनी छाटणीपूर्वी माळ्यासह कुंपणावरून एक फेरी मारावी. शिवलेले पान दिसले, तर तेवढी फांदी राहू द्यावी. अंडी उबण्यास सुमारे १२ दिवस आणि पिले उडून जाण्यास आणखी सुमारे १४ दिवस लागतात. एवढी मुदत देणे कोणत्याही सोसायटीस जड जाऊ नये.