आधी डीपीचा हिशेब द्या

वीज वितरण सुधारण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांची योजना आणली. तारा, रोहित्रे, उपकेंद्रे, मीटर असे सारेच तिच्यात होते. महाराष्ट्राला ती माहीत झाली ती मात्र मीटरमुळे. स्मार्ट प्रीपेड मीटरवरून ओरड झाली. अखेर जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते सामान्य ग्राहकांना लावणार नसल्याचे जाहीर केले. पाठोपाठ टीओडी, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारे, मीटर आले आणि भांडण पुन्हा पेटले. या गदारोळात तारांचा विषय मागे पडला.

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये तो मागे पडणे परवडणारे नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीत बराकी मिळाल्या. आज बराकींच्या जागी इमारती उभ्या आहेत, तळमजल्यावर दुकाने आणि गाळे, वर घरोघरी एसी. २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात पाच लाखांवर माणसे राहतात. एवढ्या दाटीत नव्या डीपीला, म्हणजे वस्तीतल्या रोहित्राला, जागा कुठून मिळणार? मग जुन्याच डीपीवर भार चढत जातो.

तारेतला प्रवाह दुप्पट झाला की उष्णतेत वाया जाणारी वीज चौपट होते. शेवटच्या घराचे व्होल्टेज पडते आणि ऐन मे महिन्यात फ्यूज उडतो. कागदावर मात्र ही तांत्रिक गळती आणि आकडे टाकून नेलेली वीज एकाच बेरजेत जाते. भारनियमनाच्या काळात महावितरणने गळती आणि वसुली पाहून फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्यांचे, गट पाडले होते. ज्या फीडरवर गळती जास्त, तिथे अंधारही जास्त. वेळेवर बिल भरणाराही त्यात भरडला जाई.

यातली चोरी किती आणि जुन्या तारांचा दोष किती, याचा अंदाज डीपीवरच्या मीटरवरून घेता येतो. डीपीतून गेलेली युनिटे आणि तिच्यावरच्या ग्राहकांना बिल झालेली युनिटे यांतला फरक काढायचा. त्यासाठी घरातला मीटर बदलावा लागत नाही. कोणता ग्राहक कोणत्या डीपीवर आहे याची नोंद बिनचूक हवी आणि रीडिंग एकाच वेळी घ्यायला हवे. फरक मोठा आणि डीपीवर भारही जास्त असेल तर क्षमता वाढवा, केबल बदला. भार जास्त नसूनही फरक मोठा असेल तर वीजचोरीसाठी वीज कायद्याचे कलम १३५ आहेच.

केंद्राच्या योजनेत रोहित्रांवर मीटर बसवण्याची तरतूद आहे. गळती कमी करण्याच्या कामांना महाराष्ट्रासारख्या राज्यात खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. स्मार्ट मीटरला ते १५ टक्के आणि मीटरमागे फार तर ९०० रुपये. तरीही मीटरचेच काम पुढे धावते, कारण तिथे पैसा आधी ठेकेदार घालतो आणि नंतर हप्त्याहप्त्याने वसूल करतो. केबल भूमिगत करायची तर महापालिकेची परवानगी, रस्त्याची खोदाई आणि दुरुस्तीचा खर्च अशी तिहेरी कटकट. म्हणून रस्त्याचे काँक्रिटीकरण करतानाच पालिकेने केबलसाठी पाइप टाकून ठेवावेत.

महावितरणने प्रत्येक डीपीचा हा हिशेब दरमहा शाखा कार्यालयाबाहेर लावावा. त्यात नाव कोणाचेच नको. डीपीचा क्रमांक, आत आलेली युनिटे, बिल झालेली युनिटे आणि फरक एवढे पुरे. तो लागेपर्यंत साऱ्या शहराला चोर ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.