डावीकडून तिसरी कोण?

घरटी एक तरी माणूस असा असतो, की बारसं असो, मुंज असो नाहीतर गौरीजेवण, फोटो काढायचं काम त्याच्याच गळ्यात पडतं. कुठे भाचा, कुठे मधला काका, हल्ली बऱ्याच घरांत धाकटी सून. हे आवाहन त्या माणसाला आहे. फोटो कसा काढावा ते सांगायचं नाही. ते तुम्हाला येतं, आणि आताचे फोन निम्मं काम परस्पर उरकतात. सांगायचंय ते फोटो काढून झाल्यावरचं.

बारशाचे चारशे फोटो फोनमध्ये पडून असतील तर दहा वर्षांनी ते कुणी उघडणार नाही. पंचवीसच असतील आणि त्यांत कोण कोण आहे हे लिहिलेलं असेल, तर पोरं ते मागून घेऊन बघतील. म्हणून आधी गाळा, मग नावं लिहा, मग दुसऱ्या जागी प्रत ठेवा, आणि रंगरंगोटीकडे सगळ्यात शेवटी वळा. आपल्याकडे बहुतेक जण सुरुवातच फिल्टरपासून करतात आणि तिथेच दमतात.

गाळायचं काम त्याच रात्री करावं, नाहीतर परतीच्या गाडीत. तेव्हा कुठला फोटो कशासाठी काढला होता हे डोक्यात ताजं असतं. एकाच ग्रुपचे सात फोटो असतील तर एक ठेवा, फार तर दोन. पण डोळे मिटलेत म्हणून सरसकट उडवू नका. आजी हसली की तिचे डोळे मिटतातच, तो फोटो खरा. आणि एखाद्या माणसाचा अख्ख्या समारंभात एकच फोटो सापडला, तर तो कितीही हललेला असला तरी राहू द्या. जेवणाच्या पानाचा एक पुरे. व्हॉट्सॅपवरून येणारी सुप्रभातची फुलं आणि सुविचार यांना तर घरात घेऊच नका: व्हॉट्सॅपच्या सेटिंगमध्ये मीडियाचं आपोआप डाउनलोड होणं बंद करा. निम्मा कचरा तिथेच थांबतो.

व्हॉट्सॅपचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. लग्नाच्या ग्रुपवर आलेला फोटो हा मूळ फोटो नव्हे. पाठवताना तो आकसतो, आणि कॅमेऱ्याने फाइलच्या पोटात लिहून ठेवलेली तारीख, वेळ, ठिकाण ही माहितीही वाटेत गळून पडते. अँड्रॉइड फोनवर अशा फाइलच्या नावात तारीख दिसते खरी, पण ती फोटो काढल्याची नसते, तो व्हॉट्सॅपवरून गेला-आला त्या दिवसाची असते. मे महिन्यातलं लग्न मग जुलैत जाऊन बसतं. म्हणून मावसभावाला स्पष्ट सांगा, ‘फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव’, किंवा सगळ्यांसाठी एक सामायिक अल्बम करा. ‘एचडी’ निवडून पाठवलेला फोटो थोडा बरा असतो, पण मूळ नसतोच.

फोल्डरची नावं साधी ठेवा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग आणि गाव: ‘२०२४-०९-०७ गणपती, चिपळूण’. वर्ष पुढे असलं की संगणक आपोआप ओळीने लावतो. नुसतं ‘गणपती’ लिहून भागत नाही, कारण आपले सण इंग्रजी तारखांना जुमानत नाहीत. २०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला बसले, २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला. (इथे आकडे देवनागरीत छापलेत, तुम्ही फोल्डरला इंग्रजी आकडे द्या आणि सगळीकडे तेच ठेवा, नाहीतर क्रम विस्कटतो. प्रसंगाचं नाव मराठीत खुशाल लिहा, आजचा कुठलाही संगणक ते वाचतो.) लेन्सवाला कॅमेरा वापरत असाल तर त्याचं घड्याळ एकदा तपासा. बॅटरी बराच काळ काढून ठेवली की ते मागे जातं आणि कालचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा ठरतो.

आता नावं. माझ्या मते सगळ्या कामात मोलाचं हेच, आणि टाळलंही हेच जातं. कुठल्याही जुन्या घरातला एक ग्रुप फोटो काढून बघा. वाड्याच्या पायऱ्यांवर तीन रांगा, पुढे सतरंजीवर मुलं, मधोमध टोपीतले आजोबा. आजोबा कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी, नऊवारीतली, हातात मूल घेतलेली बाई कोण? ‘बेबीमावशी असेल’, ‘छे, ती तर तेव्हा इंदूरला होती’ असं सुरू होतं, आणि ज्यांना नक्की माहीत होतं त्या आत्याबाई गेल्या वर्षीच गेलेल्या असतात.

त्यातून आपल्याकडे बाईचं आडनाव बदलतं, आणि आजीच्या पिढीत कित्येकींचं पाळण्यातलं नावही लग्नात बदललेलं. माहेरची सुशीला सासरी रमा, आणि सगळं गोत तिला ताई म्हणतं. म्हणून नुसतं ‘ताई’ लिहून पुढच्या पिढीला काही कळणार नाही. हाक मारायचं नाव, खरं नाव, माहेरचं आडनाव आणि आपल्याशी नातं, एवढं लिहा. वर्तमानपत्रात छापतात तसं ‘डावीकडून’ करत एकेक रांग घ्या. चेहरा ओळखता येत नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका, अंदाज ठोकू नका. अंदाज दहा वर्षांत खरा होऊन बसतो.

तारीख सांगणारं कुणी नसेल तर फोटोच थोडीफार सांगतो. मागच्या भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं असेल तर फोटो १९७३ च्या आधीचा नाही, कारण ते तेव्हा सुरू झालं. स्कॅन नीट केलेलं असलं तर मोठं करून महिना वाचता येतो, कधीकधी सालही. कागदी फोटो स्कॅन करताना म्हणूनच ६०० डीपीआयवर करा, आणि फोटोची मागची बाजूही करा. स्टुडिओचा शिक्का, कुणाच्या तरी अक्षरातली एखादी ओळ, असं पुष्कळ तिथे असतं.

हे सगळं लिहायचं कुठे? गूगल फोटोजमध्ये चेहरे ओळखायची सोय आहे, शोधायला ती झकास आहे, जरूर वापरा. पण तिथे लिहिलेलं वर्णन फोटोच्या फाइलमध्ये शिरत नाही. उद्या सगळे फोटो उतरवून घेतलेत तर वर्णन वेगळ्या फाइलीत येतं आणि फोटो मुका राहतो. डिजिकॅमसारखं मोफत सॉफ्टवेअर मात्र तोच मजकूर फाइलच्या आत लिहू शकतं, मग फाइल जाईल तिथे नावंही जातात. पिकासावर वर्षानुवर्षं अल्बम लावलेल्यांना आठवत असेल, २०१६ साली गूगलने ते बंदच करून टाकलं. ज्यांनी फोल्डर नीट ठेवले होते त्यांचं काही अडलं नाही. संगणकाची कटकट नको असेल तर प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवा. तेही चालतं.

प्रती ठेवण्याबद्दल पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला हिशोब सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेर का, हे सांगली-कोल्हापूरकरांना समजावायला नको. २०१९ च्या पुरात तिथली घरं दिवसचे दिवस पाण्यात होती. अल्बमही कपाटात आणि हार्ड डिस्कही त्याच कपाटात, असं असेल तर दोन्ही एकदम जाणार. एक डिस्क बहिणीच्या घरी ठेवा, दिवाळीला भाऊबीजेला गेलात की नवे फोटो भरून परत द्या. आणि फोन गूगलशी जोडलाय म्हणजे प्रत झाली, या भ्रमात राहू नका. फोनमधल्या गूगल फोटोजमधून डिलीट केलेलं वरूनही जातं, आणि कचरापेटीत ६० दिवस राहून कायमचं पुसलं जातं. फुकट जागाही १५ जीबीच आहे आणि तीही मेलबरोबर वाटून. अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून संपली.

आता एडिटिंग. आधी मूळ फाइल तशीच ठेवून तिची प्रत घ्या, कारण जेपीईजी फोटो बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर खेपेला थोडा तपशील झिजतो. मग फोटो सरळ करा, कडेची अर्धी खुर्ची आणि कुणाचं तरी कोपर क्रॉप करा, उजेड सारखा करा. बहुतेक फोटोंना एवढंच लागतं.

कार्यालयातल्या फोटोंचं दुखणं रंगाचं असतं. वरून पिवळे दिवे, बाजूने ट्यूब, स्टेजवर गुलाबी एलईडी. अशा वेळी जे खरोखर पांढरं आहे ते शोधा. अंतरपाट धरलेला फोटो असेल तर उत्तमच: स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्सचं ड्रॉपर त्या कापडावर, कुंकवाचं स्वस्तिक चुकवून टेकवा, शालू, मुंडावळ्या, चेहरे सगळं बरंचसं जागेवर येतं. त्याच प्रकाशातल्या बाकीच्या फोटोंना तीच मात्रा लागू पडते. हळदीच्या फोटोंना मात्र ‘ऑटो’ लावू नका. त्याला पिवळा रंग म्हणजे चूक वाटते, आणि तो नवरीला निळसर करून ठेवतो. आरतीच्या फोटोत मूर्ती झगझगीत आणि माणसं काळी येतात. तिथे शॅडो हळूच वर घ्या, निरांजनाचा उजेड निरांजनाचाच वाटला पाहिजे.

ब्यूटी मोड बंद करा, ही हात जोडून विनंती. सावळ्या मुलीला गोरी करून तिच्याच घरच्यांनी अल्बमात लावायचं, हे बरं नाही. आजोबांच्या सुरकुत्याही राहू द्या. मागचं नको ते पुसून टाकायची सोय आता गूगल फोटोजमध्ये फुकट आहे, तिचाही मोह आवरा. आज तुम्हाला नको वाटणारी पाण्याची टाकी, फ्रिजवरचा रेडिओ, दारातली लूना, हेच उद्या लोक बोट ठेवून बघणार आहेत. आणि भिंतीवरचं कालनिर्णय पुसलंत तर तारीखच पुसलीत.

निवडलेल्यांतले थोडे तरी कागदावर काढा. चार बाय सहा इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे कुठल्याही फोनचा मूळ फोटो चालतो, व्हॉट्सॅपचा जपून. अधूनमधून फोन दुसऱ्याच्या हातात देऊन स्वतः फोटोत उभे राहा. फोटो काढणारा अल्बमभर कुठेच नसतो.

वीस हजार फोटो साठलेत, सुरुवात कुठून करू, असं विचाराल तर मागचे तूर्त राहू द्या, चालू वर्षापासून धरा. फक्त घरात आजी किंवा आजोबा असतील तर आधी जुना ट्रंकेतला अल्बम काढा. दुपारची झोप झाल्यावर त्यांच्याजवळ बसा, एकेक फोटो पुढे धरा, ‘ही कोण गं?’ एवढंच विचारा आणि फोनचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा. मध्येच दुरुस्त करू नका, घाई करू नका. चार्जर मात्र जवळ असू द्या. नाव विचारलं एकीचं, की तिच्या सासूने हिला कसं छळलं इथपर्यंत सगळं येतं.