एकूण टक्के आणि पदवीची निवड

बारावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याच्या घरोघरी एकूण टक्केवारीचीच चर्चा चालते. परंतु रसायनशास्त्रात ८० आणि गणितात जेमतेम ४० गुण मिळविणाऱ्या मुलाची सरासरी काढून काय साधणार? त्या सरासरीचा विद्यार्थी प्रत्यक्षात कोठेच नसतो! तरीही शेजारचा मुलगा अभियांत्रिकीस गेला म्हणून आपल्याही मुलास कर्ज काढून तिकडेच धाडावयाचे, हा हट्ट सुटत नाही. आमच्या मते हा मुलावर उघड अन्याय आहे.

१९९० मध्ये जळगावास विद्यापीठ झाले. शाळेची पायरीही न चढलेल्या बहिणाबाईंचे नाव ते आज मिरविते. जळगावच्या मूळजी जेठा किंवा अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात रसायनशास्त्राची पदवी घेता येते, धुळ्यास कृषी महाविद्यालय आहे. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन थांबण्याची किंवा चौथे वर्ष पुढे शिकण्याची मोकळीक आहे. मग या वाटा दुय्यम का मानाव्यात?

अर्थात गणित परीक्षेच्या एका दिवशी बिघडले, की दोन वर्षे नकोसेच होते, हे गुणपत्रिका सांगत नाही. ते पालकांनी प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी मुलालाच विचारावे आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.