चुकांची वही



संगणकाच्या तासाला तुम्ही प्रोग्रॅम लिहिता, चालवून पाहता आणि उत्तर भलतेच येते. अशा वेळी मनात पहिला विचार कोणता येतो? 'संगणकच बिघडला असावा' हा, की 'हे आपल्याला जमणारच नाही' हा? पहिला विचार म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडे. दुसरा मात्र त्याहून घातक आहे, कारण तो तुम्हाला खुर्चीवरून उठवतो.

तो चुकीचा कसा, हे मॉरिस विल्क्स यांच्याकडून ऐकावे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात त्यांनी सहकाऱ्यांसह एडसॅक हा संगणक बांधला. ६ मे १९४९ रोजी त्यावर पहिला प्रोग्रॅम चालला. त्यानंतर विल्क्स यांनी एक अवघड समीकरण सोडवण्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. सूचना सव्वाशेच्या आसपास. चुका निघाल्या सुमारे वीस! एके दिवशी जिन्यातून जाताना त्यांना उमगले, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्रॅममधील चुका शोधण्यात जाणार. ही आठवण त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवली. याच विल्क्स यांना १९६७ साली संगणकशास्त्रातील मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ज्याने यंत्र बांधले तोही चुकला, मग आपण चुकलो तर लाजायचे कशाला?

संगणक हा पक्का सांगकाम्या आहे. आपल्या मनात काय होते ते त्याला कळत नाही. आपण काय लिहिले तेवढेच कळते. समजा, १ ते १० या संख्यांची बेरीज हवी आहे. पायथन भाषेत आपण 'रेंज(१, १०)' असे लिहिले, तर संगणक ९ वरच थांबतो आणि ५५ ऐवजी ४५ हे उत्तर देतो. आता तोच प्रोग्रॅम दहा वेळा चालवला, तर तीच चूक दहा वेळा मिळेल. ही चिकाटी नव्हे, हा हट्ट झाला. चिकाटीचा विद्यार्थी म्हणेल, 'बेरजेत घेतलेली प्रत्येक संख्या छापून पाहू.' मग १० गहाळ असल्याचे तत्काळ दिसेल. एका वेळी एकच बदल करावा, पुन्हा तपासावे, आणि काय सापडले ते लिहून ठेवावे.

येथे शिक्षकांनाही एक विनंती आहे. फळ्यावरचा तयार प्रोग्रॅम उतरवून घेतला, उत्तर बरोबर आले आणि पूर्ण गुण मिळाले, तर विद्यार्थी शिकला काय? केवळ नक्कल करणे! त्याऐवजी प्रत्येकाने चुकांची एक वही ठेवावी. काय अपेक्षित होते, काय घडले, कारण कोणते निघाले, अशा तीन ओळी पुरेत. आणि गुण या वहीलाही असावेत. 'अभ्यासक्रम पुरा व्हायचा आहे, वेळ कोठे आहे?' असे कोणी म्हणतील. मग एक प्रोग्रॅम कमी घ्यावा. न समजलेल्या दहांपेक्षा दुरुस्त केलेले नऊ केव्हाही बरे.

मित्रहो, आयुष्यातल्या चुका संगणकाच्या पडद्यावर इतक्या लवकर आणि इतक्या स्वस्तात दिसत नाहीत. म्हणून येथे मिळणारा सराव सोडू नका. आजच एक कोरी वही घ्या. तिचे पहिले पान फार दिवस कोरे राहणार नाही, याची खात्री बाळगा!