अपडेटलाही ‘टेस्ट डोस’ हवा

सकाळी साडेनऊला केसपेपरच्या खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ असे कोणी म्हटले की ओपीडीची रांग जागीच थांबते. छातीतली कळ मात्र थांबत नाही. त्यामुळे रुग्णालयाची संगणकप्रणाली कुठे ठेवायची आणि तिच्यात बदल कसे करायचे, हे ठरवताना डॉक्टरांनाही विचारले पाहिजे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंत सारे काही दिवस हाताने चालले. अशा वेळी ‘सगळे क्लाउडवर न्या’ असा सूर निघतो. तो रास्तच आहे. एसी बिघडला की तापणाऱ्या कोपऱ्यातल्या सर्व्हरपेक्षा मोठ्या डेटा सेंटरमधली वीज, राखीव प्रती आणि देखरेख केव्हाही बरी. गर्दी वाढली की क्षमताही वाढवता येते. मात्र पासवर्ड ढिले असतील तर चोर तिथेही शिरतो आणि रुग्णालयाचे इंटरनेट गेले की क्लाउडवरची माहिती असून नसल्यासारखी.

दुसरा बदल स्वयंचलित अपडेटचा. पूर्वी अभियंता रात्री बसून नवी आवृत्ती हाताने चढवायचा; एखादी फाइल राहून जायची. आता तपासणीपासून सर्व सर्व्हरवर पोचवण्यापर्यंतचे काम यंत्र ठरल्या क्रमाने करते. विसराळूपणा टळतो, पण चूकही त्याच वेगाने पसरते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीचे सदोष अपडेट जगभर आपोआप गेले. कंपनीने ते ७८ मिनिटांत थांबवले; तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक निळे पडले (रुग्ण निळा पडतो तेव्हा धावपळ होते, तशीच झाली). ब्रिटनमधल्या अनेक दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी दिसेनात; अमेरिकेत काही रुग्णालयांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या.

पेनिसिलिनचा आधी टेस्ट डोस देतात आणि शेजारी ॲड्रेनॅलिन तयार ठेवतात. अपडेटही आधी एकाच ओपीडीत चालवून पाहावे, सोमवारी सकाळी तर नकोच, आणि जुनी आवृत्ती काही मिनिटांत परत आणता यावी. ही अट निविदेतच लिहावी. नंतर कंपनी ऐकत नाही. छापील केसपेपरचे गठ्ठेही कपाटात राहू द्यावेत. नव्या इंटर्नना त्यावर काम जमते का, हे महिन्यातून एकदा, कमी गर्दीच्या दुपारी अर्धा तास संगणक बाजूला ठेवून पाहावे.