ज्याचे नुकसान झाले, त्याचे प्रथम ऐका

एखाद्याची गुरे शेजाऱ्याच्या बांधीत शिरून उभे धान फस्त करतात, तेव्हा सानगडीसारख्या गावी तंटा उभा राहावयास वेळ लागत नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि अपराध्यास दंड झाला, तरी न्यायाधीशांनी वेगळा हुकूम न केल्यास ती रक्कम सरकारजमा होते. ज्याचे धान गेले, त्याच्या घरी एक पायलीही येत नाही.

१९७४ साली कॅनडातील एल्मायरा गावी दोन तरुणांनी मद्याच्या धुंदीत २२ ठिकाणी नासधूस केली. न्यायाधीशांच्या अनुमतीने त्यांना नुकसान सोसलेल्यांच्या दारी नेण्यात आले. तेथे त्यांनी अपराध कबूल केला, लोकांचे दुःख ऐकले व काही महिन्यांत भरपाई चुकती केली. यातून जी रीत वाढली, तिला पुनर्स्थापक न्याय म्हणतात. तिचा क्रम साधा आहे. अपराध्याने आधी दोष पत्करावा. पीडिताची खुशी असेल तरच उभयतांस समोरासमोर बसवावे. काय घडले, काय गमावले व ते कसे भरून निघेल, हे पीडिताने सांगावे. मग ठराव लिहून घ्यावा आणि तो पाळला जातो की नाही, हे पाहावे.

आपल्याकडे १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावच्या समितीने समेट घडवावा, अशीच योजना होती. हेतू उत्तम, परंतु गावाच्या नावलौकिकासाठी दुर्बळास "मिटवून टाक" असे दडपणे, हा न्याय नव्हे. खून वा बलात्कार यांसारखे अपराध तर गावबैठकीत मिटवावयाचे नव्हेतच.

विद्यार्थी मित्रहो, मी स्वतः पुष्कळ वर्षे चुकलो. वर्गात कोणाची वही फाटली की फाडणाऱ्यास शिक्षा करून मी धडा पुढे नेत असे. जिची वही फाटली, तिला एक शब्दही विचारीत नसे. आता प्रथम तिला विचारतो. कधी ती म्हणते, "मला नवी वही नको, माझे राहिलेले टिपण त्याने लिहून द्यावे." असे टिपण लिहिताना त्या मुलास जे उमगते, ते छडीने कधीही उमगले नसते.

पालकांसही माझी विनंती आहे. घरी भावंडांचे भांडण झाल्यास "कोणी केले?" असे विचारण्याआधी "कोणास लागले?" असे विचारावे. न्यायाचा आरंभ तेथूनच होतो.